आपत्ती जाहीर कोण करतं?



२६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आपल्याला वडोदऱ्यातही जाणवला. त्यातून धडा घेऊन गुजरातने २००३ साली आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००५ साली आला.

राज्याच्या कायद्यानुसार सरकार अधिसूचना काढून एखादा भाग आपद्ग्रस्त जाहीर करू शकतं. अशा वेळी लोकांना हलवणं, रस्ते बंद करणं असे अधिकार कलेक्टरसाहेबांकडे असतात. केंद्राच्या कायद्यात मात्र आपत्तीची व्याख्या आहे, ती जाहीर करण्याची रीत नाही. दर महापुरात ‘राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा’ अशी मागणी होते. पण तशी तरतूदच कायद्यात नाही. म्हणून मागणी करायची तर ती गांधीनगरकडे आणि कलेक्टर कचेरीत, लेखी करावी.

आता आपल्या घरचं बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. घोषणा झाली तरी मदत घरापर्यंत येते ती पंचनाम्यातून, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, घर कुणाचं? आपल्यातल्या कित्येक जुन्या घरांचे कागद अजून आजोबांच्याच नावावर आहेत. चार पिढ्या इथे काढल्या, पण वारसनोंद राहून गेली!

तेव्हा एवढंच करा. पुढच्या पावसाळ्याआधी वारसनोंद करून घ्या, कागदांच्या प्रती उंचावर ठेवा आणि गल्लीत एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांची यादी मंडळाकडे द्या. पाणी अधिसूचनेची वाट पाहत नाही.