धनंजयराव गाडगीळ आणि आपली मोजदाद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी 'धनंजयराव गाडगीळ' हा विषय सुचविला, तेव्हा चिटणीसबाईंनी मला विचारले, "गाडगीळ म्हणजे कथा लिहिणारे का?" कथा लिहिणारे ते गंगाधर गाडगीळ. तेही अर्थशास्त्र शिकवीत, म्हणून घोटाळा होतो. दुसरे काकासाहेब गाडगीळ, ते राजकारणातले. मी ज्यांच्याविषयी बोलणार ते धनंजय रामचंद्र गाडगीळ. आपण कालव्याच्या पट्ट्यातल्या बायका. आपल्या घरात उसाचा पैसा आला, मुले शिकली, भिंती पक्क्या झाल्या. त्यामागे ज्या माणसांची बुद्धी होती त्यांतले हे एक, आणि त्यांचेच नाव आपल्याला ठाऊक नसावे हे काही बरे नव्हे. शिवाय पाळणाघराचा आपला अर्ज ग्रामपंचायतीतून परत आला आहे. त्याचा आणि या विषयाचा संबंध आहे. तो ओघाने येईलच.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. बालपण नागपुरास गेले, पुढचे शिक्षण केंब्रिजला. तेथे हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या वाढीवर त्यांनी जो प्रबंध लिहिला तो १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे कित्येक वर्षे कॉलेजातून वाचला गेला. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी ग्रंथकार! परत आल्यावर थोडे दिवस सरकारी नोकरी, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद. १९३० साली पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक हे झाले, ते थेट १९६६ पर्यंत. एका जागी छत्तीस वर्षे!

या छत्तीस वर्षांत त्यांनी काय केले? एका वाक्यात सांगावयाचे तर माणसे दारोदार पाठविली आणि विचारले. आज हे काही विशेष वाटणार नाही. ऊठसूट कोणी ना कोणी फॉर्म घेऊन दारात उभे असते. पण त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथ आणि सरकारी अहवाल. धनंजयरावांनी पहिल्यापासून साध्यासुध्या गोष्टींना हात घातला. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, कोणाच्या हातून जातात, मधल्या मधल्या माणसाला काय सुटते, यावर संस्थेने १९३३ साली पुस्तक काढले. पुढे १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी निघाली. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च झाला, पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी दोन भागांत निघाली. सातारा जिल्ह्यात तर त्यांनी आणि वि. म. दांडेकरांनी शाळा सोडून गेलेल्यांचा माग काढला. चार बुके शिकून बाहेर पडलेली माणसे काही वर्षांनी वाचू-लिहू शकतात, की पुन्हा अक्षरशत्रू होतात? मी एकतीस वर्षे शाळेत शिकविले. पट मोजणारे साहेब पुष्कळ पाहिले, पण हा प्रश्न विचारणारा मला एकही भेटला नाही.

आता आपल्या भागाकडे येते. दारणेचे पाणी गोदावरीच्या कालव्यांना आणि भंडारदऱ्याचे प्रवरेच्या कालव्यांना मिळाले हे आपण जाणतोच. ब्रिटिश सरकारचा हिशेब सरळ असे. कालव्याला खर्च किती आला, पाणीपट्टी किती वसूल झाली, वजाबाकी करा, आणि तोटा दिसला की कालवा आतबट्ट्याचा म्हणा. गाडगीळ म्हणाले, असे नव्हे. पाण्याने शेतकऱ्याचे पीक वाढते तो एक लाभ. पण त्या पिकाने मजुराला काम मिळते, गाडीवानाला भाडे मिळते, बाजारपेठ उभी राहते, सरकारचेही उत्पन्न दुसऱ्या वाटांनी वाढते, ते कोण मोजणार? कालव्याखालची गावे आणि कोरडवाहू गावे अशा दोन्हींची पाहणी त्यांनी केली आणि प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध केला. अशा तऱ्हेचा हिशेब मांडण्याची आपल्याकडची ही अगदी सुरुवातीची खटपट होती. जे वहीत आले नाही ते झालेच नाही असे समजू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. आपल्यापैकी कोणाही गृहिणीला हे शिकवावे लागणार नाही.

पण नुसती पाहणी करून हा मनुष्य पुण्याला जाऊन बसला नाही. त्या वेळी ऊस शेतकऱ्याचा आणि कारखाने कंपन्यांचे. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी स्वतःचाच सहकारी कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेअर गोळा केले. मुंबईत वैकुंठभाई मेहता मंत्री होते, त्यांनी पाठबळ दिले. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षे त्याचे अध्यक्ष हे केंब्रिजचे पंडित! विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचेच. या दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला, हे मला कारखान्याच्या धुराड्यापेक्षा मोठे वाटते. त्यातली मूळ कल्पनाही समजून घेण्याजोगी आहे. ज्याचा ऊस त्याचा कारखाना, आणि शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने देशातल्या ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. ७५ जिल्हे, ६०० गावे. गोरवाला समितीचे जे चार सभासद होते त्यांत गाडगीळ एक. १९५४ साली अहवाल आला आणि दिसून आले ते असे, की शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी सोसायट्यांचे रुपये तीनच, सरकारचेही तीनच, आणि सावकाराचे सत्तरच्या आसपास. पन्नास वर्षे सहकाराचा डांगोरा पिटून तीन रुपये! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सहकाराचा नाद सोडा. या समितीने उलट सांगितले, की सरकारने भागीदार होऊन सोसायट्यांना बळ द्यावे आणि खेड्यापर्यंत जाणारी सरकारी बँक उभारावी. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ रोजी, या शिफारशीनंतर.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात परिषदेची बाजू आकड्यांनिशी मांडण्यात त्यांचा हात होता, हे जाता जाता सांगून दिल्लीकडे वळते. १९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तोवर केंद्राचा पैसा राज्यांना योजनेगणिक मिळे. ज्याचे वजन जास्त त्याच्या पदरात जास्त. धनंजयरावांनी सूत्र घालून दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधी बाजूला काढावा. उरलेल्यापैकी शेकडा ६० लोकसंख्येप्रमाणे, १० गरीब राज्यांना, १० कर गोळा करण्याच्या धडपडीसाठी, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांसाठी आणि १० खास अडचणींसाठी. चौथ्या योजनेत, १९६९ पासून ते लागू झाले. पुढे १९८० व १९९१ साली त्यात बदल झाले, पण नाव गाडगीळ सूत्रच राहिले. नियोजन मंडळच २०१५ च्या आरंभी इतिहासजमा झाले, त्याबरोबर सूत्रही गेले. घरात चार जावा असल्या आणि सासूने वाटप कसे करावयाचे ते एकदा ठरवून सांगितले, की निम्मी भांडणे मिटतात. कोणाला कमी वाटेल, पण का कमी मिळाले ते तरी कळते. त्याच काळात त्यांच्या अभ्यासगटाने बँकांसाठीही सुचविले, की एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी. आपण ज्याला अग्रणी बँक म्हणतो ती योजना १९६९ च्या अखेरीस यातूनच आली. १९७१ साली पद सोडून दिल्लीहून पुण्यास परतताना, आगगाडीच्या प्रवासातच, ३ मे रोजी त्यांचा अंत झाला.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजूही मला बोललीच पाहिजे, नाही तर हे भाषण म्हणजे पुण्यतिथीचा हार होईल.

सभासदाला मत एकच, हे खरे. पण सभासद कोण? ज्याच्या नावावर जमीन तो. माझी आई पहाटे बाऱ्यावर जाई, खुरपणीच्या बायका तीच गोळा करी, वडील आजारी असताना दोन हंगाम तिनेच सांभाळले. शेअर वडिलांच्या नावाचा, वार्षिक सभेची नोटीस वडिलांच्या नावाची. दिवाळीला सभासदांची साखर घरी आली की ती डब्यात भरण्याचा अधिकार मात्र आईचा! वडील गेल्यावर शेअर भावाच्या नावे झाला. तेव्हा कोणी तिला विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही.

ही झाली बागाईतदाराच्या बायकोची कथा. उसाच्या फडात जी येते तिचे तर विचारूच नका. बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मोळी बांधते ती, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविते ती, रात्री पालावर भाकरी थापते तीही तीच. हिशेबात ती अर्धा कोयता, आणि तो अर्धाही नवऱ्याच्या नावावर. २०१९ साली याच बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करावयास शासनाला समिती नेमावी लागली. फडातला खाडा परवडत नाही म्हणून बाईने पिशवी काढून टाकावी, हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेले नाही. कारखान्याचा अप्रत्यक्ष लाभ मोजताना ही किंमतही मोजावयास हवी होती. पुढच्या चेअरमन मंडळींनी ती मोजली नाही. धनंजयरावांच्या वेळी तरी कितपत मोजली गेली असेल, याची मला शंका आहे.

मात्र बायकांच्या कामाचा प्रश्न त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. १९६४ साली कुंदा दातार स्मारक व्याख्यानासाठी त्यांनी विषय घेतला तो भारतातील कामकरी स्त्रियांचा. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ त्या काळी हा विषय घेतो, याचे मला अप्रूप आहे.

आणि आता हे आकडे नीट ऐका. १९६१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांमागे सुमारे २८ काम करणाऱ्या आढळल्या. १९७१ साली त्या १४ वर आल्या. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कामकरी बायका घरी जाऊन बसल्या की काय? तसे काही नव्हते. विचारण्याची रीत बदलली होती. "तुमचे मुख्य काम कोणते?" असे विचारले, आणि शेतात राबून आलेली बाई म्हणाली, "घरकाम." पुष्कळदा तीही नाही म्हणाली, दारात उभा असलेला कारभारीच तिच्या वतीने म्हणाला. लिहिणाऱ्याने लिहून घेतले. पुढे २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे जातात असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. हे कोणाच्याही मिळकतीत धरले जात नाही.

म्हणून पाळणाघराच्या अर्जाची गोष्ट. अर्ज परत आला, त्यावर शेरा असा, की या वस्तीत कामावर जाणाऱ्या स्त्रिया फारशा नाहीत. मला राग आला, पण रागाने अर्ज मंजूर होत नाही. मी चौकशी केली. ज्या यादीवरून हे ठरविले तिच्यात प्रश्न एकच होता, "नोकरी करता का?" आमच्या समोरच्या घरातली सून दिवसभर शिलाईचे काम घेते, पलीकडची दोन घरची पोळ्या-भाजी करते, मागच्या गल्लीतल्या तिघी सकाळी टेंपोने कांदा काढावयास जातात. सगळ्यांनी उत्तर दिले, "नाही हो, घरीच असते." त्यांची लेकरे कोठे असतात? आजीजवळ, शेजारणीजवळ, नाही तर बांधावर झोळीत.

तेव्हा कार्यकारिणीने ठरविले आहे, की नोंद आपणच करावयाची. प्रश्नपत्रिका मी तयार केली आहे. "काम करता का?" हा प्रश्न तीत मुद्दामच ठेवलेला नाही. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, त्यातले पैशासाठी कोणते, शेतात किती वेळ, त्या वेळी मूल कोणाजवळ होते, असे विचारावयाचे. उत्तर बाईच्याच तोंडून घ्यावयाचे. घरधनी बोलू लागले तर चहा प्यावा आणि पुन्हा दुपारी जावे. कोणाला कमीपणा वाटेल असे विचारू नये, मिळकतीचा आकडा सांगावयाचा नसेल तर जागा मोकळी सोडावी. आणि उत्तर जसे दिले तसेच लिहावे, आपल्या अर्जाला सोयीचे म्हणून वाढवून लिहू नये. एक जरी नोंद खोटी निघाली तरी बाकीच्या साऱ्या पाण्यात जातील.

पुढची ग्रामसभा महिनाभरावर आहे. प्रत्येक गल्लीला दोघीजणी लागतील, एक विचारणारी आणि एक लिहिणारी. जिला लिहिता येत नाही तिने विचारणारी व्हावे, ती कित्येकदा आपल्यापेक्षा चांगले विचारते. वह्या चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवल्या आहेत. हळदीकुंकू झाल्यावर घाईने निघू नका; आपले नाव आणि गल्ली सांगून वही घेऊन जा. वरच्या आळीला अजून कोणी मिळालेले नाही.