गुलचांदणी

पावसाळा सरताना कोकणातल्या एखाद्या कुंपणावर हृदयाच्या आकाराच्या रुंद पानांची दांडगी वेल तुम्ही पाहिली असेल. दिवसा तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिवेलागणीला मात्र तिची पीळदार लांब कळी थरथरते आणि मिनिटा-दोन मिनिटांत, आपल्या डोळ्यांदेखत, तळहाताएवढं पांढरंशुभ्र फूल उलगडतं. वास दरवळतो, लांब सोंडेचे पतंग येतात. सकाळी ऊन चढलं की फूल मिटलं. ही गुलचांदणी. 'गुल' फारसी, 'चांदणी' आपली. गुलछडी, गुलबक्षीच्या पंक्तीतली.

वेल मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाची. मेक्सिकोत रबराच्या झाडाच्या चिकात हिचा रस मिसळून उसळते चेंडू करत. तिथे सापडलेले चेंडू साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. गुडइयरचा शोध १८३९चा!

गंमत पुढेच आहे. कोचीचे डच गव्हर्नर व्हान रेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. इट्टी अच्युतन वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे कोकणी ब्राह्मण मदतीला होते. या तिघांचं नागरी लिपीतलं पत्र १६७८च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. १६९२च्या अकराव्या खंडात आपली वेल 'मुंडवल्ली' म्हणून चितारली आहे. १७५३ मध्ये लिनियसनं तिला 'आयपोमिया आल्बा' नाव दिलं. त्या नावाचा प्रमाण-नमुना म्हणून आज हेच चित्र धरतात. म्हणजे वेल अमेरिकेची आणि कागद मलबारचा!

कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी अगदी आपुलकीनं विचारतं, "मराठी फार छान हो तुमचं. मूळचे कुठले?" मी गावाचं नाव सांगतो. "नाही, पण त्याच्या आधी?" आधी म्हणजे किती आधी, हे कुणी सांगत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ जास्त नेमके असतात. माणसानं आणलेली वेल माणसाच्या हातावाचून बी धरू लागली, पिढ्या काढू लागली, की ती त्या मातीत रुळली म्हणतात. अर्थात रुळलेली प्रत्येक वेल भलीच असते असं नाही. हीच गुलचांदणी ऑस्ट्रेलियात नि दक्षिण आफ्रिकेत उपद्रवी ठरली आहे. तेव्हा माणसाला वेलीची उपमा फार ताणून देऊ नये, हे मी कवी असूनही सांगतो.

लावायची असेल तर बी रात्रभर भिजत घाला, कवच टणक असतं. लहान मुलांच्या तोंडात मात्र जाऊ देऊ नका. कुंडीला काठीचा आधार द्या, आणि शेजारच्यांच्या आंब्यावर तिला चढू देऊ नका.