परतीच्या थांब्यावरचा माणूस

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती दुपारी एकच्या सुमारास संपल्या आणि लाखोंचा जमाव एकदमच परत निघाला. रस्ते तुंबले, रेल्वे स्थानके ओसंडली. कडक उन्हाच्या त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला. येताना लोक सकाळपासून टप्प्याटप्प्याने येतात, पण शेवटचे विमान दिसेनासे झाले की सगळेच उठतात. त्यामुळे प्रवेशद्वारापेक्षा परतीच्या बसथांब्यावर स्वयंसेवक जास्त हवेत, असे माझे ठाम मत आहे. कोणती बस कोणत्या वाहनतळाकडे जाते, रांग कुठून सुरू होते, पाणी कुठे मिळेल, हे त्यांनी सांगायचे.

हे तर पोलिसांचे काम, असे कुणी म्हणेल. रस्ता अडवण्याचा अधिकार पोलिसांचाच आणि तो तसाच राहावा. पण नाशिकने २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेरचे वाहनतळ आणि तिथून एसटीच्या बसगाड्या, ही व्यवस्था अनुभवली आहे. बंदोबस्त कडक होता, तरी बसमधून उतरल्यावर भाविकांना बरीच पायपीट करावी लागली. अशा वेळी वाट सांगणारा स्थानिक माणूस मोलाचा ठरतो. नवखे स्वयंसेवक गोंधळ वाढवतील, ही शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी प्रत्येकाला एकच थांबा नेमून द्यावा, आदल्या दिवशी तो मार्ग पायी दाखवावा आणि बदल झालाच तर कुणाचे ऐकायचे ते आधीच ठरवावे. नाशिक जिल्ह्यात असे प्रशिक्षण महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून सहज सुरू करता येईल.