गाभा आणि बाहेरचा भाग

अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें श्रोत्यांस अपरिचित नाहीं. तेथें १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं १५८४ सालीं ती शुद्ध केली. मूळ कोणतें आणि बाहेरचें कोणतें, हा विवेक आज संगणकाच्या लिनक्स प्रणालींतही करावा लागतो.

कर्नेल हा या प्रणालीचा गाभा. तो १९९१ सालीं प्रकट झाला. वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड चालविणारीं कांहीं मॉड्यूलें मात्र त्याबाहेर रचलीं जातात. असें मॉड्यूल ज्या कर्नेलसाठीं बांधलें, बहुधा त्याच्याशींच जुळतें. सुरक्षेस्तव कर्नेल बदललें, कीं तें निकामी होतें आणि यंत्राचें जाळें तुटतें.

डेबियन हें स्वयंसेवकांचें वितरण. तेथील मंडळी मॉड्यूलचा सोर्स पॅकेजांत बांधून देतात. डीकेएमएस हें साधन प्रत्येक नव्या कर्नेलसाठीं तें वापरणाऱ्याच्याच यंत्रावर पुन्हा घडवितें. बंदिस्त परवान्याचीं मॉड्यूलें 'नॉन-फ्री' या निराळ्या दालनांत राहतात.

परंतु कर्नेलची अंतर्रचना पालटली, तर ही पुनर्घडणही फसते. मग दुरुस्ती पॅकेज सांभाळणाऱ्यानें करावयाची. एकनाथांचें शोधन एकदां पुरें झालें. याचें प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर नव्यानें आरंभतें.