गणितातील जादा गुण आणि मालवणची भरती

गणिताच्या वर्गात 'जादा गुण' हे शब्द उच्चारले की विद्यार्थ्याची मान वर होते आणि प्राध्यापकाच्या कपाळी आठी पडते. दोघांचेही वागणे सकारण असते. विद्यार्थ्याला चाचणीत गेलेले पाच-सात गुण भरून काढावयाचे असतात. प्राध्यापकाला मात्र वर्षाअखेर येणाऱ्या सुबक वह्यांची धास्ती असते. वहीचे मुखपृष्ठ रंगीत, अक्षर मोत्यासारखे, आणि आतला मजकूर दुसऱ्याचा! अशा वहीला दिलेले गुण ही परीक्षेच्या दारी घातलेली भिक्षा होय, आणि ती घेणाऱ्याचे गणित तिने यत्किंचितही सुधारत नाही.

तथापि नेमलेल्या अभ्यासापलीकडच्या कामाची बूज राखण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिचा एक दाखला तर फारच बोलका आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचा डहाणूकडचा विद्यार्थी होता. १९२७ साली त्याला गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाचे ते पारितोषिक, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत ते अग्रस्थानी आले होते. कापरेकर १९२९ साली पदवीधर झाले, पुढची पदवी त्यांनी घेतली नाही, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकविण्यात त्यांची हयात गेली. पण विद्यार्थिदशेत लागलेला आकड्यांचा नाद सुटला नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार मांडला.

तो चमत्कार घरबसल्या पाहता येतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम ज्या साली सुरू झाले ते १६६४ हे साल घेतले, तर ६६४१ उणे १४६६ बरोबर ५१७५. मग क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत. म्हणजे शिवछत्रपतींच्या या किल्ल्याचे साल त्या लांबच्या वाटेने जाणाऱ्यांपैकी निघाले! हा निव्वळ योगायोग आहे, पण मालवणच्या वर्गात मुलांचे डोळे उघडावयास तो पुरेसा आहे.

मात्र कापरेकरांचे उदाहरण सांगून प्राध्यापकाची सुटका होत नाही. प्रत्येक वर्गात कापरेकर बसलेला नसतो. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्टीत महाविद्यालयात येणाऱ्या मुलांत असाही एखादा असतो, जो पहाटे रापणीचा दोर ओढून मग वर्गात बसतो. सायंकाळचा जादा तास, ग्रंथालयातील निबंध, शहरातील स्पर्धा यांना जोडलेले जादा गुण त्याच्या वाट्याला कधी येत नाहीत. ज्याला सवड आहे त्यालाच ते मिळतात. सवलत म्हणून काढलेली सोय अशा रीतीने आधीच पुढे असलेल्यास आणखी पुढे नेते. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यावर सेवेबद्दल वाढीव गुण देण्याचा प्रघात विद्यापीठांत आला. त्याचे स्वागतच केले पाहिजे, पण झाडे लावल्याचे गुण गणिताच्या खात्यात जमा करण्याने गणिताचा प्रश्न सुटत नाही.

तेव्हा प्रश्न असा हवा की ज्याचे साहित्य त्या मुलाच्या हाताशी आहे आणि ज्याचे उत्तर कोणत्याही वहीत तयार नाही. असा प्रश्न समुद्र दिवसातून दोनदा घालतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणपट्टीतील हिशेब प्रसिद्ध आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तितके वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बंदराबंदरांत काही मिनिटांचा कायमचा फरक असतो, तो जाणता नाखवा मनात धरतोच. आता हाच हिशेब पौर्णिमेपर्यंत न्यावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे. रोज पाऊण तास सरकणारी भरती एका दिवसात दीड तास उडी कशी मारील?

दोष कोठे आहे हे महाविद्यालयातील मुलाने शोधावे. तीस तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा पूर्ण फेरा, म्हणजे चोवीस तास, फिरते. म्हणून एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे येतात, पंचेचाळीस नव्हेत. तीन मिनिटांची ही तूट पंधरा तिथींत पाऊण तास होते. पाऊणपटीऐवजी चार पंचमांश धरले की पौर्णिमेचे बरोबर बारा येतात. पण तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी, म्हणून ती टिकली.

येथेही काम संपत नाही. प्रत्यक्ष समुद्र सरळ त्रैराशिकाने चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास भरती रोज सरासरीपेक्षा कमी सरकते आणि भांगाच्या दिवसांत अधिक. कारण चंद्राची भरती व सूर्याची भरती अशा दोन लाटांची ती बेरीज आहे, आणि भरती पुरी होते तो क्षण म्हणजे त्या बेरजेचा परमोच्च बिंदू. तेथे वाढीचा वेग शून्य असतो. ही विद्या चलनकलनाची, जिला मराठीत पूर्वी शून्यलब्धि म्हणत. त्या विषयावर मराठीत लेखणी चालविणारे बाळशास्त्री जांभेकर याच किनाऱ्याचे. १८१२ साली देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे त्यांचा जन्म झाला. 'दर्पण'चे संपादक म्हणून त्यांचे नाव घरोघरी आहे. एल्फिन्स्टन विद्यालयात ते गणित शिकवीत, हे त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक असते.

मालवणच्या धक्क्याशी खुणा केलेली एक काठी रोवावी, एक चांद्रमास भरती-सुकतीच्या वेळा टिपाव्यात, पाऊणपटीचा हिशेब एका रेषेने आणि निरीक्षण दुसऱ्या रेषेने कागदावर काढावे, आणि दोन रेषांतील अंतराचा खुलासा तोंडी द्यावा. गुण त्या तोंडी खुलाशाला असावेत, कागदाच्या सुबकतेला नव्हेत. एखादी भरती हुकली तर ती जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरलेला आकडा वक्ररेषेवर लागलीच उघडा पडतो. भांगाच्या दोन आठवड्यांतील टिपणे विशेष काळजीने घ्यावी लागतील, कारण त्या दिवसांत पाणी चढते थोडे आणि ते नेमके केव्हा थांबले हे काठीवर ओळखणे कठीण जाते. या कामी रापणीवर जाणारा मुलगा वर्गातील इतरांपेक्षा चार पावले पुढे असेल.