डेलियाचा कंद आणि मराठवाड्याचा उन्हाळा

पौष महिन्यांतल्या एखाद्या सकाळीं अंगणांत ताटलीएवढें डेलियाचें फूल उमललेलें दिसलें, म्हणजे रस्त्यानें जाणारा माणूस क्षणभर थबकतो. मालकाचें कौतुक होतें आणि तें योग्यहि असतें. परंतु डेलिया फुलविणें हें त्या मानानें सोपें काम आहे. खरी कसोटी लागते ती वैशाखांत, जेव्हां अंगणांत त्याचें नांवनिशाणहि नसतें आणि घराच्या कोपऱ्यांत त्याचा कंद निजलेला असतो. यंदा फुललेला डेलिया पुढच्या वर्षीं दिसत नाहीं, याचें कारण बहुधा या निजेंतच सांपडतें.

डेलिया मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिका यांच्या डोंगराळ भागांतला. १७८९ सालीं त्याचें बीं स्पेनच्या माद्रिद शहरांतील राजोद्यानांत पोंचलें, आणि १७९१ मध्यें कावानिल्येस या वनस्पतिशास्त्रज्ञानें स्वीडनच्या आंद्रेआस डाल याच्या स्मरणार्थ त्याचें नामकरण केलें. १९६३ पासून तो मेक्सिकोचें राष्ट्रीय पुष्प आहे. आतां नकाशा उघडून पाहावा. मेक्सिको शहर आणि छत्रपती संभाजीनगर हीं दोन्ही शहरें उत्तरेच्या १९ व २० अक्षांशांच्या दरम्यान आहेत. दोन्हीकडे दिवसरात्रीचें मान जवळजवळ सारखें, आणि पावसाचे मुख्य महिनेहि जून ते सप्टेंबर हेच. मात्र मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंच आहे, तर संभाजीनगर सुमारें ५७० मीटर. एवढ्यानें सारें चित्र पालटतें. तेथें डेलिया पावसांत वाढतो आणि कोरड्या थंडींत निजतो. येथें त्याला थंडींत पाणी घालून जागें ठेवावें लागतें आणि पारा ४० अंशांवर गेला असतां निजवावें लागतें. विलायती पुस्तकें हिमापासून कंद वांचवा म्हणून बजावतात. मराठवाड्यांत तो उन्हाच्या झळांपासून वांचवावयाचा असतो.

कंदाची ओळख प्रथम नीट करून घ्यावी. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाच्या अंगावर एकहि डोळा नसतो. तो मुळाचाच फुगलेला भाग होय. कोंब फुटतात ते खोडाच्या बुडाशीं, कंद जेथें जुळलेला असतो त्या मानेजवळ. म्हणून झुबका फोडतांना प्रत्येक तुकड्याबरोबर मानेचा भाग व निदान एक डोळा आलाच पाहिजे. मानेवेगळा झालेला कंद कितीहि टपोरा असला तरी त्याला कोंब फुटत नाहीं.

पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळांत कंद लावावे. काळी माती पाणी धरून ठेवते व कंद कुजतो, म्हणून तींत वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून वाफा उंच करावा. काठी आधीं रोवावी. मागाहून रोवल्यास ती नेमकी कंदांत शिरते. कंद १० ते १५ सेंटिमीटर खोल, आडवा ठेवावा. कोंब वर येईपर्यंत पाणी अगदीं बेतानें द्यावें. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मोठें फूल हवें असेल तर शेंड्यावरील मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या काढाव्या.

फुलांचा बहर संपून पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी तोडावें. खोड वीतभर ठेवून कापावें व आठवड्यानें दुरून माती उकरून झुबका अलगद उचलावा. मान मोडली कीं कंद गेलाच. खोड आंतून पोकळ असतें, म्हणून झुबका उलटा धरून आंतील पाणी निथळूं द्यावें. दोन-तीन दिवस सावलींत सुकवून, फुलाचा रंग लिहिलेली चिठ्ठी बांधून, मातीच्या मडक्यांत कोरड्या वाळूच्या थरांत तो ठेवावा. मडकें माळ्यावर ठेवूं नये. पत्र्याखालीं तर मुळींच नाहीं. जाड भिंतीच्या, उत्तरेकडील खोलींत खालीं जमिनीवर त्याची जागा. महिन्यांतून एकदां पाहणी करावी. कंद सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. मऊ पडला असेल तर कुजका भाग कापून तेथें गंधकाची भुकटी लावावी. मृग लागल्यावर हवा दमट होते, तेव्हां पाहणी अधिक वेळां करावी.

एका कंदासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डेलियाच्या जातकुळींत आहे. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेंतल्या डेलियांत आठ असतात. त्यामुळें बियांपासून होणारें प्रत्येक रोप निराळ्या रंगाचें व आकाराचें निघतें. जें फूल गेल्या वर्षीं डोळ्यांत भरलें, तेंच पुन्हां हवें असेल तर त्याचा कंद, किंवा त्याच्या कोवळ्या कोंबाचें कलम, यावांचून दुसरा मार्ग नाहीं. कुणाच्या आजीनें लावलेला जांभळा डेलिया वाळूंत वाळून गेला, तर बाजारांतून जांभळें फूल आणतां येईल. तेंच फूल आणतां येणार नाहीं. हौशी गृहस्थानें जपावयाचें असतें तें हें. एक झुबका फोडून दोन तुकडे शेजारच्या घरीं दिले, तर एका घरचा उन्हाळा चुकला तरी दुसऱ्या घरीं तें फूल शिल्लक राहतें.