दुकान गिऱ्हाईकाच्या दारी
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



छोटा धंदा कसा वाढवावा यावर दोन शब्द बोला, असे समितीने मला सांगितले. मी काही वक्ता नाही. गल्लीत वह्या-पुस्तकांचे दुकान चालवणारा माणूस. म्हणून जे केले, तेच सांगतो.

आपल्या वाडीत अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत, जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी, पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी. रस्त्याने रोज हजारो माणसे जातात, पण माझे दुकान आतल्या गल्लीत. शाळा उघडल्या की दोन महिने गर्दी, बाकी दहा महिने माशा मारायच्या. 1998 साली घरभाडे थकले तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक येऊन नाही राहिलं, तर आपणच जाऊ ना त्याच्याकडे!"

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला होता. तिच्या कानातले गहाण ठेवले, पुस्तके आणली आणि दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून बसलो. आणले काय, तर सगळे जाडजूड, बांधणीचे ग्रंथ. मला वाटले, लाखो माणसे येतात, हातोहात जातील. लोक आले. ग्रंथ हातात घेत, कपाळाला लावत, किंमत पाहत आणि अलगद परत ठेवत. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, दोन गठ्ठे भिजले. शेजारचा स्टॉलवाला मात्र बुद्धवंदना, बावीस प्रतिज्ञा, लहान पुस्तिका, फोटो आणि पंचशील ध्वज विकून मोकळा झाला. चूक माझीच होती. अंगावरच्या कपड्यानिशी, परतीचे भाडे कमरेला बांधून आलेल्या माणसाचा खिसा मी पाहिलाच नव्हता.

पण त्याच गर्दीत मला पुढची वाट सापडली. कोंढाळीकडची एक म्हातारी मजूरबाई 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ दोनदा उचलून ठेवत होती. शेवटी म्हणाली, "बाबू, आमच्याकडे आणून देशीन का? आमचा चुकारा बाजाराच्या दिवशी होते." मी गेलो. तिने तीन बाजारांत पैसे फेडले. तिला वाचता येत नव्हते, नातू वाचणार होता. तिच्या शेजाऱ्यांनी पाच पुस्तके मागितली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: मजुरीचा पैसा ज्या दिवशी, ज्या जागी हातात येतो, तिथे दुकान पाहिजे. मग सायकलला पत्र्याची पेटी बांधली, पुढे तीनचाकी घेतली. गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी अशी फेरी ठरली. 14 एप्रिलला वस्ती-वस्तीत, 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला. गल्लीतले दुकान सौ. सांभाळत होती.

बंधू-भगिनींनो, भगवान बुद्धांनी दुकानदाराबद्दलही सांगितले आहे. अंगुत्तर निकायात पापणिक सुत्त आहे. त्यात चांगल्या दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो डोळस असतो: माल कितीला घेतला, कितीला विकला, भांडवल किती, नफा किती, हे त्याला ठाऊक असते. दुसरा, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा, त्याला आधार असतो, म्हणजे पैसेवाले लोक त्याच्यावर विश्वास ठेवून भांडवल देतात. फिरत्या दुकानाला हे तिन्ही लागतात. डोळस म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च, पाण्यात भिजलेला माल, परत आणलेला माल, हे सारे वहीत लिहिणे. कुशल म्हणजे दहा रुपयांचे पुस्तक पुढे आणि मोठा ग्रंथ मागे ठेवणे. आणि विश्वास? ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या झाडाखाली दिसणे. दोन वेळा दांडी मारली की तिसऱ्यांदा गिऱ्हाईक उभे राहत नाही. फिरत्या दुकानाला पाटी नसते, त्याचा वारच त्याची पाटी.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक भाग संसाराला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीला राखून. मला नेहमी जमले असे नाही. पण तो चौथा भाग राखला त्या वर्षी सौ.चे कानातले सुटले.

आता एक कटू अनुभव. एका गावी बंदोबस्ताच्या लोकांनी माझी पेटी उचलून नेली. पावती नाही, यादी नाही. चार दिवस चकरा मारल्या. तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. 2014 साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एका जागी बसणाऱ्याप्रमाणे फिरत्या विक्रेत्यालाही प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि न नासणारा माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत सोडावा लागतो. शहराच्या विक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला, असेही त्यात आहे. म्हणून ठेला काढण्याआधी नगर परिषदेत जाऊन सर्वेक्षणात नाव आहे की नाही ते विचारा. 2020 पासून स्वनिधी योजना आहे, तिचा पहिला हप्ता आता 15,000 रुपयांपर्यंत मिळतो. वेळेवर फेडला तर पुढचा मोठा मिळतो. सावकाराकडे कानातले नेण्यापेक्षा हे बरे.

तरुण मित्र म्हणतात, "काका, आता सगळं मोबाईलवर मिळते, तेही सवलतीत." खरे आहे. किमतीत मी हरतो. मीही आता फोनवर ऑर्डर घेतो. पण पान उलटून पाहायला देणारा, तीन बाजारांत पैसे घेणारा माणूस मोबाईलमधून निघत नाही.

शेवटी मनातले सांगतो. माझा मुलगा शाळेत असताना ठेल्याजवळ उभा राहायला लाजायचा. मित्र दिसले की मागे लपायचा. मी रागावलो नाही, फक्त वही त्याच्या हातात दिली आणि म्हटले, हिशेब तू लिही. त्याची फी त्याच वहीतून निघते हे त्याला दिसले. मग तो लपला नाही. आपल्याकडे नोकरी लागली नाही की पोरगा घरी बसतो आणि ठेला लावला की मान खाली घालतो. दोन्ही सोडा. प्रामाणिकपणे कमावलेली भाकर हीच सम्यक आजीविका आहे. गिऱ्हाईक आले नाही म्हणून बसून राहू नका, उठा आणि त्याच्या दारी जा.